कौंटी म्हणजे पेन्शनरांचा उद्योग आणि व्हिलेज क्रिकेट म्हणजे सहल? अजिबात नाही!

टॉन्टनकर

परवा इथे गल्लीमास्तर यांनी लिहिलं की इंग्लंडच्या उन्हाळ्यात कसोटी सोडली तर बघण्यासारखं काही उरलेलं नाही. कौंटी (तिथल्या परगण्यांच्या व्यावसायिक संघांचं क्रिकेट) हा पेन्शनरांचा वेळ घालवायचा उद्योग, व्हिलेज क्रिकेट म्हणजे पांढरे कपडे घालून काढलेली सहल, आणि अठरा कौंट्यांच्या आठ करून टाकाव्यात. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय. राग आलाय, लपवत नाही.

मी बारा वर्षं टॉन्टनमध्ये, सॉमरसेट कौंटीच्या घरच्या गावात, राहतो. एप्रिलच्या पहिल्या सामन्याला दोन स्वेटर, कानटोपी आणि थर्मास घेऊन जातो. बोटं इतकी गारठतात की स्कोअरकार्डावर पेन धड चालत नाही. लंचला लोकांना मैदानात सोडतात. मधल्या पिचेसना दोरी लावलेली असते, तिच्या कडेला वाकून म्हातारे विकेट न्याहाळतात आणि आउटफील्डवर पोरांचे दहा-पंधरा डाव टेनिस बॉलने एकदम सुरू होतात. माझा मुलगा याच गवतावर बॅट धरायला शिकला.

सॉमरसेट १८९१ पासून चॅम्पियनशिप, म्हणजे कौंट्यांची मुख्य स्पर्धा, खेळतंय, एकदाही जिंकलेलं नाही. २०१० मध्ये नॉटिंगहॅमशायरइतकेच गुण झाले, त्यांचे विजय एकाने जास्त म्हणून करंडक त्यांना गेला. २३ सप्टेंबर २०१६ ला तर मी ग्राउंडवर होतो. आमचा सामना आदल्या दिवशीच जिंकून झाला होता. तिकडे लॉर्ड्सवर मिडलसेक्स-यॉर्कशायर अनिर्णित राहिलं की आम्ही विजेते. पण त्या दोघांना जिंकायचंच होतं. यॉर्कशायरने मुद्दाम सोप्या धावा दिल्या, मिडलसेक्सने डाव घोषित केला, ४० ओव्हरमध्ये २४० चं आव्हान ठेवलं. शेवटी टोबी रोलंड-जोन्सची हॅटट्रिक. पडद्यासमोर आम्ही सगळे उभे होतो. शेजारच्या आजोबांनी स्कोअरकार्डाची नीट चौकोनी घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि "नेक्स्ट इयर" म्हणून निघाले. याला वेळ घालवणं म्हणायचं?

तुम्हाला कसोटी आवडते ना? ओव्हलवर ४ ऑगस्ट २०२५ ला आपण इंग्लंडविरुद्ध ६ धावांनी जिंकलो, सिराजने पाच काढले, आपण सगळेच नाचलो. त्याच सिराजने २०२२ मध्ये वॉरिकशायरकडून पहिल्याच सामन्यात आमच्या सॉमरसेटचे पाच गडी घेतले होते. इंग्लंडमध्ये वापरतात तो ड्यूक्स चेंडू हातात कसा बसतो हे असल्याच सामन्यांत कळतं.

गल्लीमास्तर

लेख वाचला, मन लावून वाचला. पण २०१६ च्या आठवणीवर अठरा संघ पोसायचे का? कौंट्यांचा खर्च भागतो तो बोर्डाकडून येणाऱ्या पैशावर, आणि तो पैसा येतो आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या टीव्ही हक्कांतून. हे कबूल करा आधी.

दुसरं, इंग्लंडचे निवडकर्तेच कौंटीकडे बघतात का? फिरकीपटू शोएब बशीर जेमतेम सहा प्रथम श्रेणी सामने खेळून विशाखापट्टणमला कसोटीत उतरला. पुढे तुमच्याच सॉमरसेटने दुसरा फिरकीपटू जॅक लीच आहे म्हणून त्याला बाकावर बसवलं, दुसऱ्या कौंट्यांकडे उसना पाठवला. फलंदाज जेकब बेथेलला कसोटी मिळाली तेव्हा प्रथम श्रेणीत त्याचं एक शतक नव्हतं. मग चौदा-चौदा सामने खेळवता कशाला?

मी हॅरोला राहतो. मुलीला घेऊन हंड्रेडला, म्हणजे शंभर-शंभर चेंडूंच्या फ्रँचायझी स्पर्धेला, जातो. २०२५ मध्ये तिचं तिकीट पाच पौंड होतं. एकाच दिवशी, एकाच मैदानावर बायकांचा सामना आणि पुरुषांचा सामना. तिच्या वर्गातल्या चार मुली भेटल्या. कौंटीच्या सामन्याला मला तिच्या वयाची एकही मुलगी दिसली नाही.

टॉन्टनकर

पैशाचं कबूल, ते कधी नाकारलं? पण त्या टीव्हीवर खेळणारी पोरं तयार कोण करतं? बटलर टॉन्टनचा. रूट यॉर्कशायरचा. फिरकीपटू लियाम डॉसन आठ वर्षं कसोटीबाहेर होता, हॅम्पशायरसाठी घासत राहिला आणि जुलै २०२५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डच्या कसोटीत परत आला. बशीरला सरेने सोडून दिलं होतं, त्याला घेतलं आम्हीच. त्याच जुलैत लॉर्ड्सवर मोडक्या बोटाने त्याने टाकलेला चेंडू सिराजच्या बॅटला लागून हळूच मागे घरंगळत स्टंपांवर गेला, आठवतंय ना? आपण २२ धावांनी हरलो. जडेजा ६१ वर नाबाद, वाकून बॅटवर रेललेला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आणि हंड्रेडपायी ऑगस्ट गेला. शाळेला सुट्टी, आभाळ निरभ्र, विकेट कोरडी होऊन फिरकीला साथ द्यायला लागते, आणि २०२५ मध्ये महिनाभराहून जास्त चॅम्पियनशिप बंद! ओव्हल कसोटी ४ ऑगस्टला संपली, ५ ला हंड्रेड सुरू. त्यानंतर उन्हाळ्यात एकही कसोटी नाही.

रेडिओवाला

मूळ पाप टीव्हीचं. २००५ ची अ‍ॅशेस चॅनल फोरवर फुकट दिसली, रस्त्यावरचं पोरगं इंग्लंडचा अष्टपैलू फ्लिंटॉफ व्हायला बघत होतं. २००६ पासून घरच्या कसोट्या थेट फक्त स्कायवर, पैसे भरून. माझ्या शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाला इंग्लंडचा कॅप्टन माहीत नाही, फुटबॉलचे पन्नास खेळाडू पाठ आहेत. हंड्रेड, कौंटी, व्हिलेज, काय हवा तो वाद घाला. ज्याला खेळ दिसतच नाही तो मैदानात कसा येईल? मी तरी बीबीसीची कौंटी कॉमेंटरी ऐकतो, फुकट आहे.

दादरचा डावखुरा

मी इंग्लंडला राहत नाही, दोन उन्हाळे मुलाकडे होतो. कौंटी चाललंय ते छान आहे, पण चेंडूचं काय? २०२५ मध्ये काही फेऱ्या ड्यूक्सऐवजी बोलरला कमी साथ देणाऱ्या कूकाबुरा चेंडूने खेळवल्या. तसल्याच एका फेरीत सरेने डरहॅमविरुद्ध ९ बाद ८२०! सिबलीच्या ३०५. बोलर बिचारे. मी मुंबईची कांगा लीग खेळलेला माणूस. १९४८ पासून ऐन पावसात, न झाकलेल्या विकेटवर चालते ती. बॉल चिखलात रुतला तर उचलून पुसायचा आणि पुन्हा टाकायचा. तिथे पन्नास करणाऱ्याला आम्ही बॅट्समन म्हणायचो.

व्हिलेज क्रिकेट मात्र मला कांगाची आठवण देऊन गेलं. बॅटिंग करणाऱ्यांचाच माणूस अंपायरला उभा, एका कडेला उतार, कुंपणात बॉल शोधायला अकरा जण. ससेक्समधल्या साउथविक अँड शोरहॅम क्लबाने शेजाऱ्यांच्या काचा फुटतात म्हणून २०२४ मध्ये षटकारावर बंदी घातली. पहिल्या सिक्सरला शून्य, दुसऱ्याला आउट. १७९० चा क्लब! आमच्या वाडीत हाच नियम होता, डायरेक्ट बाहेर गेला की आउट. सरळ बॅटने खेळायला मी त्यामुळेच शिकलो.

एकच दुःख. पूर्वी डाव संपला की पॅव्हेलियनमध्ये चहा असायचा, सँडविच, स्कोन, केक. कोविडमध्ये बंद झाला आणि कित्येक लीगमध्ये परत आलाच नाही. आता आपापला डबा. चहा गेला आणि त्या खेळाचा जीव गेला.

अनघा_लीड्स

हे वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. चहाने जीव गेला म्हणे! तो चहा करत कोण होतं, एकदा तरी विचारलंत?

आमच्या क्लबात यादी लागायची. प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला मोसमात दोन शनिवार, आणि खेळाडूच्या म्हणजे त्याच्या बायकोच्या. २०१७ च्या जूनमध्ये माझं बाळ सात महिन्यांचं होतं. बावीस खेळाडू, दोन अंपायर, एक स्कोअरर. तीन जण शाकाहारी, त्यातला एक अंडं न खाणारा. एका हाताने बाळ धरून काकडीचे काप करत होते. कडा कापायच्या, ओल्या फडक्याखाली झाकायच्या, नाहीतर ब्रेड वाळतो. पंचवीस मिनिटांत ताटं रिकामी. "लव्हली टी" म्हणाले सगळे. मी शाळेकडून आणि नंतर जिल्ह्याकडून खेळलेली ऑफस्पिनर आहे, हे एकाही माणसाला माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलंच नाही.

२०२३ मध्ये इंग्लंडच्या बोर्डाने नेमलेल्या समितीचा, आयसीईसीचा, अहवाल आला. बायकांना या खेळात दुय्यम वागवतात असं त्यात स्पष्ट लिहिलंय. लॉर्ड्सवर तोवर बायकांची एकही कसोटी झालेली नव्हती, तेही. चहा बंद झाला त्या शनिवारी मी पहिल्यांदा नवऱ्याची मॅच खुर्चीत बसून बघितली.

दादरचा डावखुरा

ताई, तुमचा अपमान करायचा हेतू नव्हता. पण परंपरा म्हणून काही असतं की नाही? आमच्या मैदानावरही तंबूत चहा असायचा.

अनघा_लीड्स

तुमच्या तंबूत चहा करणाऱ्याला पैसे मिळायचे. मला काय मिळालं? परंपरा हवी तर तुम्ही करा ना, काकडी कापायला कांगा लीगचा अनुभव लागत नाही.

नवव्या नंबरचा

अनघाताईंना पूर्ण पाठिंबा. आणि चहावरून माझंही ऐका.

मी बर्कशायरमध्ये शनिवारी चौथ्या टीमकडून खेळतो. पहिल्या क्लबात सहा आठवडे मला नवव्या-दहाव्या नंबरवर ठेवलं, बोलिंग एकही ओव्हर नाही. पण चहाची पाळी आली की कॅप्टन स्वतः फोन करणार, "तुमच्याकडचे समोसे आण." मी कोकणातला, आमच्या घरी समोसे कोणी करत नाही. आईची घावनं-चटणी नेली. हात कोणी लावला नाही, आणि पुढच्या आठवड्यात टीममधून वगळलं. मी क्लब सोडला.

इथे हौशी क्रिकेट खेळणाऱ्यांत तीनातला जवळजवळ एक आपल्यासारखा, दक्षिण आशियाई. कौंटीच्या ड्रेसिंगरूममध्ये बघा किती उरतात. टॉन्टनकर, तुमच्या आजोबांच्या घडी घातलेल्या स्कोअरकार्डाने माझेही डोळे भरले, पण त्याच गावात माझ्यासारख्या मुलाला पाचव्या नंबरवर कोण पाठवणार?

टॉन्टनकर

हे चूक झालं तुमच्या बाबतीत, आणि मी त्याचं समर्थन करणार नाही. मला माझ्या क्लबात चांगली माणसं मिळाली म्हणून सगळीकडे तसंच असेल असं धरून चाललो. यॉर्कशायरचा माजी खेळाडू अझीम रफिकने तिथल्या वर्णद्वेषाबद्दल २०२० मध्ये बोलायला सुरुवात केली तेव्हाही माझी पहिली प्रतिक्रिया "आमच्याकडे असं नाही" हीच होती.

पण म्हणून कौंटी बंद करा, हे उत्तर नाही. अठरापैकी बहुतेक कौंट्या सभासदांच्या मालकीच्या आहेत. पैसे भरून सभासद व्हा, सभेत उभे राहा, प्रश्न विचारा. लंडनच्या आठ फ्रँचायझी मालकांना तुम्ही काय विचारणार?

गल्लीमास्तर

आठही लंडनच्या नाहीत, एवढं तरी नीट लिहा. आणि आता मालकांवर बोलताय? हंड्रेडमधल्या ओव्हल इन्व्हिन्सिबल्स संघाचे ४९ टक्के रिलायन्सने घेतले. हंड्रेडच्या विक्रीतून मोठा पैसा आला, त्यातला वाटा तुमच्या सॉमरसेटलाही जातोय. त्या पैशाने छप्पर दुरुस्त होईल तेव्हा ते नाकारणार आहात का? तुमचा सॉमरसेट २०२५ मध्ये टी-ट्वेंटी ब्लास्ट, ही कौंट्यांची वीस ओव्हरची स्पर्धा, जिंकला, तेव्हाही तुम्ही नाचलाच असाल. छोटं क्रिकेट दुसऱ्याचं असलं की वाईट?

टॉन्टनकर

लंडनचं चुकलं, घाईत लिहिलं. ब्लास्टला नाचलो, आणि हंड्रेडचा पैसा कौंटीने घ्यावा असंच माझं मत आहे. ऑगस्ट मात्र आम्हाला परत द्या. निदान दोन फेऱ्या. ब्लास्ट अठरा गावांतून चालतो, हंड्रेड आठ मैदानांवर, आणि त्यातलं एकही आमच्या भागात नाही. इथल्या मुलाला पुरुषांचा हंड्रेड बघायला कार्डिफ किंवा साउथहॅम्प्टन गाठावं लागतं. तुमच्या मुलीचं तिकीट पाच पौंड, आमच्या पोरांचं पेट्रोल कोण मोजणार?

गल्लीमास्तर

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य. दोन फेऱ्या ऑगस्टमध्ये ठेवायला माझी हरकत नाही. अठरा जास्तच आहेत, हे मत बदललेलं नाही. एप्रिलमध्ये मुलीला घेऊन एक दिवस टॉन्टनला येईन.

टॉन्टनकर

जरूर या. अकराला सुरू होतं, साडेदहाला पोचा. सकाळी उन्हाची बाजू धरून बसा, सावलीत तासभरसुद्धा टिकणार नाही. मुलीसाठी टेनिस बॉल आणा, लंचला लागेल. चॅम्पियनशिपची तिकिटं लगेच मिळतात.

अनघा_लीड्स

सगळ्यांचं जमलं, पण माझा प्रश्न तसाच राहिला. टॉन्टनकर, तुम्हीही गावच्या क्लबात खेळता असं मागे लिहिलं होतंत. तुमच्याकडे चहा अजून आहे का, आणि तो कोण करतं?

टॉन्टनकर

आहे. गेल्या वर्षापर्यंत बायकाच करत होत्या, माझीही. खरं तेच सांगतोय. परवाच्या सभेत ठरलं की यादीवर खेळाडूचंच नाव लागेल आणि काम त्यानेच करायचं. मी मेमधला एक आणि जुलैतला एक शनिवार घेतलाय.

दादरचा डावखुरा

जुलैत मी मुलाकडे आहे. ब्रेडच्या कडा कापायला येतो.

अनघा_लीड्स

या. ओलं फडकं विसरू नका. आणि कोणी ऑफस्पिनर शोधत असेल तर तेही इथेच लिहा.