मदत हवी आहे: मोझांबिकमधली ख्रिस्ती मंडळी (चर्च) युद्धानंतर पुन्हा एकत्र कशी बसली?

नमस्कार मंडळी,

आमच्या युवक संघासाठी मोझांबिकवर बोलायचं आहे आणि मी एका जागी अडकले आहे.

तिथलं यादवी युद्ध 1977 पासून 1992 पर्यंत चाललं. 4 ऑक्टोबर 1992 ला रोममध्ये शांतता करार झाला. सांत एजिदियो या कॅथलिक समुदायाने मध्यस्थी केली होती, तिथल्या बैरा शहराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्विशही त्यात होते. इथवर ठीक.

मला मनापासून भिडतं ते पुढचं. 1995 मध्ये तिथल्या ख्रिस्ती परिषदेने, अँग्लिकन बिशप दिनिश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने, लोकांकडून बंदुका घेऊन बदल्यात शिलाई मशीन, सायकली, कुदळी द्यायला सुरुवात केली. तलवारींचे फाळ होतील, हे बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वचन आपण लहानपणापासून ऐकतो. इथे ते हातांनी केलं गेलं! मोडलेल्या बंदुकांची कलावंतांनी शिल्पं केली. त्यातली एक खुर्ची लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

पण बंदूक दिली म्हणून मनातला राग जात नाही. ज्याने घर जाळलं तोच प्रार्थनेला शेजारी बसला, तर पाळक (चर्चचे धर्मगुरू) काय करत? ज्यांना लहानपणीच सैनिक केलं होतं, अशा मुलांना परत घेताना बऱ्याच गावांत पारंपरिक शुद्धीचे विधी झाले. ख्रिस्ती मंडळीने ते स्वीकारले की विरोध केला?

कुणी तिथे सेवा केली असेल किंवा याबद्दल वाचलं असेल, तर कृपया सांगा. क्षमेवरचे उपदेश माझ्याकडे आहेत, मला प्रत्यक्ष घडलेलं हवं आहे. इंग्रजी लेखही चालतील.