मोघम अर्ज आला तर खुलासा कुणी मागायचा?

आवकजावक (धागाकर्ता)

ओळखीच्या एका गृहस्थांनी माहिती अधिकारात अर्ज टाकला. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाच्या छापील नमुन्यातल्या वर्णनाच्या रकान्यात लिहिलं, 'सन 2015 पासून गावात झालेल्या सर्व विकासकामांची संपूर्ण माहिती मिळावी.' मुदत संपता संपता उत्तर आलं: 'आपली मागणी मोघम व विस्तृत स्वरूपाची असल्याने माहिती पुरविता येत नाही.' खाली सही-शिक्का, विषय संपला.

अर्ज मोघम होता, मान्य. पण माहिती नाकारायची कारणं कलम 8 आणि 9 मध्ये आहेत आणि त्यांत 'मोघम' कुठेच नाही. उलट कलम 5(3) सांगतं की जन माहिती अधिकाऱ्याने अर्जदाराला वाजवी साहाय्य करायचं. या गृहस्थांना खरं तर घरासमोरच्या गटाराच्या बिलाबद्दल शंका होती. एक फोन केला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. नक्की काय हवंय हे विचारणं हे अधिकाऱ्याचं काम आहे, उपकार नव्हेत. पटत नसेल त्यांनी खाली भांडावं.

दप्तरदार

भांडतो. जन माहिती अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसून झालंय माझं.

फोन करून विचारलं की पलीकडून पहिलं वाक्य येतं, 'कारण विचारायचा तुम्हाला अधिकार नाही, कलम 6(2) वाचा.' कारण विचारत नाही हो, कागद कुठला हवा ते विचारतोय! पण ऐकतो कोण.

आणि 'सर्व विकासकामं' म्हणजे काय ते बघा. प्रत्येक कामाची प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा नाहीतर दरपत्रकं, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयकं, पूर्णत्वाचा दाखला. त्यातलं काही ग्रामपंचायतीत, काही पंचायत समितीत. हे सगळं झेरॉक्स करत बसलं तर दाखल्यांसाठी आलेल्या लोकांना काय सांगायचं?

सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात 2011 साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय की 75 टक्के कर्मचारी 75 टक्के वेळ माहिती गोळा करण्यात घालवताहेत अशी परिस्थिती देशाला नको. महाराष्ट्राच्या नियमांतही 2012 पासून एक अर्ज एक विषय आणि साधारण 150 शब्द असं बंधन आहे. छापील नमुन्यात कालावधीचा रकाना उगाच दिलाय का? अर्जदाराने आधी घरचा अभ्यास करावा.

नस्तीवाला

@दप्तरदार, त्याच निकालाने विद्यार्थ्यांना स्वतःच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका बघायला मिळाल्या, ते सोयीने गाळलंत. 75 टक्केवालं वाक्य सगळ्यांना पाठ, निकाल कुणालाच नाही.

दुसरं, कामाचा बोजा होतो म्हणून कलम 7(9) दाखवतात. ते माहितीच्या स्वरूपाबद्दल आहे. मागितलेल्या स्वरूपात देणं झेपत नसेल तर दुसऱ्या स्वरूपात द्या. 'देत नाही' म्हणायची सोय त्यात नाही.

आणि मोघम अर्जाला सरळ उत्तर असतं की! कामांची यादी द्या: वर्ष, कामाचं नाव, रक्कम, नस्ती (फाइल) क्रमांक. दोन-चार पानं. अर्जदार त्यातून खूण करून सांगेल. कलम 4(1)(क) प्रमाणे अभिलेख, म्हणजे कार्यालयातली कागदपत्रं, सूचीबद्ध असतील तर ही यादी तयारच असायला हवी. ती नसते, म्हणून मोघम अर्ज अंगावर येतो.

कलमबहाद्दर

दोघेही कागदावर बरोबर आहात, पण घड्याळाकडे कुणी बघत नाहीये.

आपल्या कायद्यात उत्तर द्यायच्या 30 दिवसांचं घड्याळ थांबतं ते फक्त शुल्क भरायचं पत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंत, कलम 7(3). खुलासा मागितला तर ते थांबतं असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे प्रामाणिकपणे 'नक्की काय हवं' असं पत्र पाठवणारा अधिकारी उत्तराची वाट बघण्यात स्वतःचे दिवस घालवतो आणि वर रोज 250 रुपये, कमाल 25,000 दंडाची टांगती तलवार. फेटाळणारा मात्र मुदतीत 'उत्तर दिलं' म्हणून मोकळा. ब्रिटनच्या 2000 च्या कायद्यात खुलासा मागता येतो आणि तो येईपर्यंत माहिती द्यायचं बंधन लागू होत नाही. तशी तरतूद इथे आली तर विचारायला कुणी घाबरणार नाही.

दप्तरदार

+1. हेच म्हणत होतो, फक्त तुमच्याइतकं नीट जमलं नाही.

नस्तीवाला

-1. घड्याळ थांबवायची सोय दिली की एकोणतिसाव्या दिवशी प्रत्येकाला पत्र जाणार, 'आपली मागणी स्पष्ट करावी.' स्पष्ट केली की पुन्हा, 'अधिक स्पष्ट करावी.' द्यायचीच असेल तर पहिल्या पाच दिवसांत आणि एकदाच. अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवायला 6(3) मध्ये पाचच दिवस आहेत ना? मग वाचून शंका विचारायलाही तेवढे पुरेत.

ओसरी

तुम्ही सगळे धरून चाललाय की लोकांना लिहिता येत नाही म्हणून अर्ज मोघम होतो. बऱ्याचदा तो मुद्दाम मोघम केलेला असतो. लहान गावात 'अमुक गटाराची मोजमाप पुस्तिका' असं लिहिलं की संध्याकाळपर्यंत ठेकेदाराला कळतं आणि आठवड्याभरात नस्ती 'आढळून येत नाही'. 'सर्व कामं' लिहिलं की नेमका रोख कुणावर ते कळत नाही. म्हणून आवकजावक यांचा फोनचा तोडगा मला तरी भाबडा वाटतो. त्या फोनवर कोण खरं सांगेल?

त्यापेक्षा आधी अवलोकन मागावं, म्हणजे कार्यालयात बसून नस्त्या बघायच्या. कलम 2(ञ) मध्ये पाहणीचा हक्क आहेच आणि राज्य शासनाच्या 2018 च्या परिपत्रकाने सोमवारी दुपारी 3 ते 5 ही वेळ जिल्हास्तरीय व स्थानिक कार्यालयांत अभिलेख बघण्यासाठी ठेवलीय. चार-पाच नस्त्या मागवायच्या, त्यात आपली एक. पानांचे क्रमांक टिपायचे. मग अर्ज असा: '14 व्या वित्त आयोगाच्या निधीतून 2018-19 मध्ये झालेल्या अमुक गटार कामाच्या नस्तीतील पृष्ठ 12 ते 31 च्या साक्षांकित प्रती.' याला मोघम म्हणून दाखवा!

दप्तरदार

चार-पाच नस्त्यांत एक लपवायची युक्ती मलाही ओळखता येते, ताई. पण बसून बघणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही, आम्हालाही तेच परवडतं. नस्ती गहाळ होण्याबद्दल म्हणाल, तर अभिलेख नष्ट करणाऱ्याला 2005 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात शिक्षा आहे.

ओसरी

आहे हो. तुमच्या कार्यालयात कुणाला झाली?

आवकजावक

फोनचं मागे घेत नाही, पण अवलोकन पटलं. गृहस्थांच्या प्रथम अपिलाची 30 दिवसांची मुदत अजून आहे. अपिलात यादी मागतोय, नस्तीवाल्यांनी सांगितली तशी, आणि अवलोकनाचा अर्ज वेगळा. निकाल आला की इथे टाकतो.