टर्नटेबलच्या टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांड्याची) उंची बदलूनही रेकॉर्डच्या शेवटच्या ताना फाटतात. सेटिंग नेमकं कसं करावं?

धरमपेठ३३
नमस्कार मंडळी. माझ्याकडे टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ टर्नटेबल आहे, मोठ्या भावाकडून आलेला. जुनं कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) गेलं म्हणून ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई घेतलं. ते दुकानातच हेडशेलला, म्हणजे आर्मच्या टोकाच्या सुट्या भागाला, बसवून मिळालं. रेकॉर्डची बाजू सुरू होते तेव्हा आवाज झकास येतो. लेबलजवळ जाता जाता मात्र गायिकेचा 'स' चरचरायला लागतो आणि द्रुतातल्या ताना तर अक्षरशः फाटतात. सुई नवी, रेकॉर्ड धुतलेली, रेकॉर्डवर सुईचं वजन २ ग्रॅम. आर्मची उंची ० पासून ६ पर्यंत फिरवून पाहिली. खाली नेली की आवाज जरा दबतो, वर नेली की टोकदार होतो, पण फाटणं काही जात नाही. उंची किती ठेवू?

महालचा घड्याळवाला
भाऊ, उंचीला सध्या हात लावू नका. उंची चुकलेली असती तर पहिल्या मिनिटापासून कानाला कळलं असतं. तुमचा त्रास आत गेल्यावर वाढतो, म्हणजे कार्ट्रिज हेडशेलमध्ये पुढे-मागे बसलंय.

आत गेल्यावरच का, ते सांगतो. ३३⅓ वेगाला बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच सरकते. लेबलजवळ तीच फक्त २१ सेंटीमीटर. तोच स्वर, तीच तान, पण मावायला जागा निम्म्याहून कमी. तिथे सुई जराशी तिरकी बसली तरी खाचेची भिंत तिला नीट वाचता येत नाही. आणि आपल्या ख्यालाच्या एलपीवर विलंबित बाहेर असतं, द्रुत आत. सगळ्यात वेगवान गाणं सगळ्यात अडचणीच्या जागी येतं.

हेडशेल काढा आणि स्टीलच्या पट्टीनं मोजा. हेडशेल आर्मला जिथे लागतं तिथलं रबराचं वॉशर, तिथपासून सुईच्या टोकापर्यंत टेक्निक्सला ५२ मिमी हवेत. मोजताना सुईचं झाकण लावून ठेवा आणि बाजूनं, डोळा टोकाच्या समोर आणून बघा. वरून बघितलं तर एखादा मिलिमीटर सहज चुकतो. किती येतं ते कळवा.

धरमपेठ३३
काका, ४९ येतंय! कार्ट्रिजचे दोन्ही स्क्रू हेडशेलमधल्या फटींच्या पार मागच्या टोकाला आहेत.

महालचा घड्याळवाला
मग सापडलं. या आर्मला सुई दोन ठिकाणी खाचेशी बिनचूक सरळ येते. मधल्या खिळ्यापासून ११३.५ मिमीवर एकदा आणि ५८.८ मिमीवर दुसऱ्यांदा. दुसरी जागा ऐन द्रुताची. तुमची सुई ३ मिमी मागे राहिली, त्यामुळे ती आतली जागा ४१ मिमीवर गेली. तिथे लेबल आहे, गाणं नाही. ६० मिमीवर तुमची सुई जवळजवळ ३ अंश तिरकी चालतेय.

स्क्रू सैल करा, पूर्ण काढू नका. कार्ट्रिज ५२ वर आणा. त्याच्या कडा हेडशेलच्या कडांना समांतर ठेवा आणि मग दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एकच आवळत गेलात की कार्ट्रिज फिरतं. मनगटी घड्याळाचं मागचं झाकण मी आयुष्यभर असंच बसवत आलो.

बेअरवाल्ड पद्धतीचा छापील प्रोट्रॅक्टर (सुई सरळ बसवायचा मापाचा कागद) यात आणू नका. त्याच्या जागा ६६ आणि १२०.९ मिमी. पद्धत उत्तम आहे, पण तिथे सुई जवळपास ३ मिमी आणखी पुढे न्यावी लागते आणि कार्ट्रिजही हेडशेलमध्ये थोडं वळवावं लागतं. अर्धं हे, अर्धं ते केलं तर दोन्हीचा फायदा जातो. शास्त्रीय ऐकणाऱ्याला टेक्निक्सचं मापच बरं, असं माझं ठाम मत.

हे झालं की आर्म पुन्हा शून्याला तोलून वजन नव्यानं २ ग्रॅमवर आणा. कार्ट्रिज पुढे सरकलं की तोल बदलतो.

उंची त्यानंतर. नेहमीची रेकॉर्ड लावा, सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा, शेजारी रेघा मारलेलं पोस्टकार्ड उभं धरा आणि आर्मची नळी रेघेला समांतर आहे का बघा. आर्मच्या बुडाशी असलेली उंचीची कडी फिरवण्याआधी आर्म उचलून ठेवा आणि लॉक सोडा, फिरवून झाली की परत लावा. आर्म मागे ४ मिमी वर-खाली केला तेव्हा कुठे सुईचा कोन १ अंशानं बदलतो. त्यामुळे जाड-पातळ रेकॉर्डसाठी दर वेळी कडी फिरवत बसू नका. रेकॉर्डखालची मॅट बदलली तर मात्र पुन्हा बघा.

प्रतापनगर
काकांच्या उत्तरात माझी एक भर. या सगळ्याच्या आधी टर्नटेबलखाली पाणसळ ठेवून बघा. आणि मे महिन्यात कूलर त्याच भिंतीला लावलेला असेल तर तो हलवा. आमच्याकडे कूलरच्या मोटरची घरघर फरशीतून टेबलात आणि टेबलातून स्पीकरमध्ये येत होती. मी टर्नटेबल भिंतीतल्या कप्प्यावर नेला, तेव्हा ती थांबली.

काका, माझा टर्नटेबल रेगा कंपनीचा आहे, त्याला उंचीची कडीच नाही. मी काय करावं?

महालचा घड्याळवाला
रेगाला आर्मच्या बुडाखाली घालायच्या २ मिमीच्या चकत्या मिळतात. पण आधी पोस्टकार्ड धरून बघा. मागची बाजू स्पष्ट खाली झुकलेली दिसली तरच चकती घाला. घातलीत तर वजन पुन्हा तपासा.

धरमपेठ३३
५२ वर आणलं, वजन पुन्हा लावलं. काल रात्री तीच बाजू शेवटपर्यंत ऐकली. तान सुटी सुटी ऐकू येते, प्रत्येक दाणा वेगळा. 'स' अजून किंचित टोकदार वाटतो. कडी सध्या ३ वर आहे.

महालचा घड्याळवाला
पोस्टकार्ड काय म्हणतंय? मागची बाजू वर दिसत असेल तर अर्धा मिमी खाली घ्या आणि दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या रेकॉर्डवर ऐका. एकाच रेकॉर्डवर 'स' टोचत असेल तर तो त्या छपाईतला आहे, तुमच्या आर्ममधला नाही.