शिकता शिकता कमिशनवर विक्रीचं काम कुणी केलंय का? अनुभव लिहा

नीलाक्षी

भाचा पुण्यात एस.वाय.बी.कॉम.ला आहे, कॉट बेसिसवर राहतो. काल त्याचा मेसेज आला, "मावशी, सेल्सचा जॉब मिळाला. फिक्स काही नाही, पण कमिशन अनलिमिटेड!" त्या ‘अनलिमिटेड’ने माझी डोंबिवली जागी केली.

मी कॉलेजात असताना लहान मुलांच्या पुस्तकांचे संच दारोदार विकायचे. एक संच गेला की चाळीस रुपये. नाही गेला की रिक्षाचे पैसे आपले आपण. दुपारी बेल वाजवली की आतून आधी चपलांचा रागीट आवाज यायचा, मग माणूस. पण पाणी विचारायचे सगळे. एक आजोबा तर मला बसवून पुस्तक वाचत बसायचे. "पुढच्या आठवड्यात ये, ठरवतो." गेले की पुढचा भाग मागायचे. अख्खा संच वाचून झाला त्यांचा, घेतला शेवटपर्यंत नाही. तरी मला ते काम आवडायचं, हेही खरं.

भाच्याचं काम वॉटर प्युरिफायर विकायचं आहे. नगाला ९०० रुपये. बाइक स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, आणि डेमो किटसाठी २,५०० डिपॉझिट. लेक्चर्स सकाळी असतात. ताई म्हणते करू दे, चार माणसांत बोलायला शिकेल. भावजी म्हणतात केटी लागली तर याद राख. सल्ले घरात उदंड आहेत, तुम्ही अनुभव लिहा.

बोका

डिपॉझिट मागितलं? तिथेच रामराम.

पिग्मीवाला

बाजारात उभा आहे, जमेल तसं लिहितो.

बी.ए. करताना कोल्हापुरात एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत, गोळा करायचो. शेकडा तीन रुपये. संध्याकाळी पाचला सुरू करायचं, आठपर्यंत पेठेतली दुकानं उरकायची. कॉलेजच्या पोराला यापेक्षा सोयीचं काम नाही असं मला आजही वाटतं. कारण रोज नवीन गिऱ्हाईक शोधायचं नाही. एकदा खातं उघडलं की तोच पानवाला, तोच टेलर, तीच भडंगवाली मावशी. पहिले काही महिने खाती जमवताना जीव जातो, मग गाडी रुळावर येते.

आता दुसरी बाजू. कमिशनला परीक्षेची सुट्टी नसते. माझ्या पेपरांच्या वेळी वडील फेरी मारायचे, फॅक्टरीतून दमून आल्यावर. एक दिवस चुकला तर दुकानदार दुसऱ्या संस्थेच्या एजंटाला पैसे देऊन मोकळा.

आणि मग ती पतसंस्था बुडाली. संचालकांची घरं कुणाला माहीत नव्हती, माझं सगळ्या पेठेला माहीत होतं. पुढचं रात्री लिहितो.

अनु२

बापरे! असं अर्धवट सोडून जाऊ नका हो. मिळाले का लोकांचे पैसे?

सोलापुरी चटका

माझं दिवाळीतलं काम, साडीच्या दुकानात. गादीवर बसून उलगडायच्या आणि घड्या घालायच्या. फिक्स रोज मिळायचा, वर जुना माल काढला तर साडीमागे थोडे जास्त. मालक सकाळी येऊन कोणते गठ्ठे आधी दाखवायचे ते डोळ्यांनी सांगायचे. एका काकूंना मी असा भयानक मोरपंखी रंग खपवला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्या माझ्याच वर्गमैत्रिणीच्या आई निघाल्या. साडी घेऊन परत आल्या, पण भांडायला नाही. फॉल लावून द्या म्हणाल्या. आवडली होती!

तर माझं मत: फिक्स अधिक कमिशन हे विद्यार्थ्याला झेपतं. नुसतं कमिशन नाही. फिक्स कितीका कमी असेना, गाडीभाडं निघतं आणि घरी मागावं लागत नाही.

अनु२

गादीवर बसून कंबर जाते ना? माझी मामी लग्नबस्त्याच्या दुकानात होती, अजून कंबरपट्टा लावते.

सोलापुरी चटका

कंबर नाही, घसा. "काकू, हा पदर बघा" म्हणून म्हणून.

कोथरूडची_सून

विमा! कुणीच कसं लिहिलं नाही अजून.

वय १८ पूर्ण, दहावी पास, ट्रेनिंग आणि आयसी-३८ची परीक्षा, एवढ्यावर एजंट होता येतं. मी टी.वाय.ला झाले. परीक्षा अवघड नाही, परीक्षेनंतर ब्रांचमध्ये कागद देतात ते अवघड. "ओळखीच्या शंभर जणांची नावं लिही." शंभर कुठली, माझी चाळिशीतच संपली. पहिली पॉलिसी मामांची, दुसरी आत्याची, तिसरी बाबांच्या मित्राची, मग शुकशुकाट. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर कमिशन घसघशीत असतं, नंतर उतरतं, म्हणजे सतत नवीन नातेवाईक पैदा करायला हवेत :)

शिवाय लोक सर्रास म्हणतात, पहिला हप्ता तू भर, तुझ्या कमिशनातून. ते बेकायदा आहे बरं का. विमा कायद्याचं कलम ४१, दंड १० लाखांपर्यंत. पण विशीतल्या मुलीने आत्याच्या यजमानांना हे कलम ऐकवायचं कसं?

मामांनी हप्ते मध्येच थांबवले. जे परत मिळालं ते भरल्यापेक्षा बरंच कमी होतं. भाऊबीजेला आई आणि मामा अजून त्या विषयापासून चार हात लांब बसतात. मला मिळालेलं कमिशन केव्हाच संपलं होतं.

बोका

+१. नातेवाईकांना विकायची वेळ आली की कुठलाही धंदा वाईट.

सीए_झोपेत

ऑडिट सीझन आहे, थोडक्यात. कमिशन म्हणजे पगार नव्हे. कंपनीने वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त कमिशन दिलं तर २ टक्के टीडीएस (आधीच कापलेला कर) कापून देतील (२०२५-२६पासून ही मर्यादा, आधी १५,००० होती). पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात, आणि पोरं नेमकी तेच करतात. एवढ्या उत्पन्नावर कर सहसा लागत नाही, पण कापलेले परत हवे असतील तर रिटर्न भरावं लागतं. पेट्रोलची बिलं ठेवायला सांगा, तो खर्च कमिशनातून वजा दाखवता येतो.

पत्रावर ‘कर्मचारी’ लिहिलंय की ‘असोसिएट’, तेही बघा. असोसिएट असेल तर पीएफ विसरा, आणि बाइकवरून पडला तर दवाखानाही घरचाच.

टेक्सासतात्या

आमच्याकडे एफ-१ व्हिसावर आलेल्या पोरांना हा प्रश्नच पडत नाही. सेमिस्टर चालू असताना फक्त कॅम्पसवर काम, तेही आठवड्याला २० तासांपर्यंत. बाहेर कमिशनवर काही विकलं तर व्हिसाशी खेळ. तरी वर्गात बसलं की बाकावर पत्रकं असतातच, ‘विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी काम, अनुभवाची गरज नाही’. मी आपला कॅफेटेरियात ताटल्या घासत होतो.

खरी मजा वेगळीच. सुपरमार्केटमध्ये भाजी घेताना एक देशी जोडपं हसून विचारतं, "तुम्ही मराठी का?" परदेशात मराठी ऐकून आपण विरघळतो. नंबर दिला जातो. दोन दिवसांनी कॉफी, कॉफीसोबत ‘पॅसिव्ह इनकम’ आणि एक ‘मेंटॉर’. नवीन आलो तेव्हा मला ते लोक मित्र वाटले होते. मी जोडला जाणार नाही म्हटल्यावर पुन्हा भाजीच्या रांगेत ओळखसुद्धा दाखवली नाही.

अनु२

हाहाहा तात्या, इथेही तेच, फक्त भाजीऐवजी भिशी.

कोथरूडची_सून

त्या ‘माणसं जोडा’ साखळीवर भारतात नियम आलेत, २०२१च्या डिसेंबरात. थेट विक्रीवाल्यांना जोडून घेण्याची फी घेता येत नाही आणि पिरॅमिड योजना चालवता येत नाही. म्हणून आता फी म्हणत नाहीत, ‘स्टार्टर पॅक’ म्हणतात. नीलाक्षी, भाच्याला ‘अजून दोन मित्र आण’ असं सांगितलंय का, विचार.

पिग्मीवाला

आलो. अनु२, थोड्यांना थोडे मिळाले, तेही फार उशिरा. बँकेत ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो, पतसंस्थेला तो लागू नाही. हे तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं आणि मी लोकांना "काळजी नको" म्हणत होतो. भडंगवाल्या मावशींचे साडेतीन हजार अडकले. त्यांनी मला एका शब्दाने बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आता त्यांचा मुलगा दुकान बघतो, मी अजून तिथूनच भडंग घेतो.

अनु२

:(

भडंग पार्सल मिळतं का पुण्यात?

सातारी कंदी

विक्रीच्या नोकरीला नाकं मुरडू नका. कर्मवीर भाऊराव पाटील ओगले ग्लास वर्क्ससाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव फिरलेत. त्या फिरण्यात खेडी पाहिली आणि १९१९ला काले गावात रयत शिक्षण संस्था उभी राहिली.

बोका

कंदीसाहेब, भाऊरावांना डिपॉझिट मागितलं होतं का? :)

सातारी कंदी

नाही. आणि ते केटीच्या धाकात नव्हते हेही कबूल. भाच्याने कॉलेजात ‘कमवा व शिका’ची चौकशी करावी. पैसा कमी, पण तासावर मिळतो आणि लेक्चर बुडत नाही.

निवृत्त_टार्गेट

वाचत होतो, राहवलं नाही. मी टेबलाच्या पलीकडे बसायचो, भरती करायला. वीस पोरं कमिशनवर घेतली तरी कंपनीचा खर्च जवळपास शून्य, मग निवड कशाला करायची? येईल तो घ्यायचा. प्रत्येक जण आधी आपल्या घरी, मग काकाच्या घरी, मग बिल्डिंगमध्ये विकतो. ती ओळख संपली की तो गळतो आणि नवीन वीस येतात. कंपनीला त्या पोरामागच्या चार घरांमध्ये रस असतो. हे मी वरिष्ठांकडून ऐकलेलं नाही, मी स्वतः मीटिंगमध्ये असं प्लॅनिंग केलंय.

पण त्याच टोळक्यात एखादा असा निघायचा, जो काकाकडे जायचाच नाही. थेट नवीन सोसायटीच्या गेटवर, वॉचमनशी दोस्ती, ताबा कधी मिळणार याची यादी. तो टिकायचा. अशी मुलं आठवतात, आज बरीच वर आहेत.

भाच्याला विचारायला सांगा: लीड, म्हणजे घेऊ शकतील अशा गिऱ्हाइकांची नावं, कंपनी देते की त्याने शोधायच्या? कमिशन विक्रीवर, फिटिंगवर की पूर्ण पैसे आल्यावर? गिऱ्हाइकाने मशीन परत केलं तर कमिशन कापणार का? आणि हेच काम वर्षभर करणारा एक तरी माणूस भेटवा म्हणावं. भेटवत नसतील तर उत्तर मिळालं.

खडकवासला एक्सप्रेस

मी दिवाळी अंकाच्या जाहिराती आणायचो! गणपती ते नवरात्र, कॉलेजला सोयीचा मोसम. सराफ, सहकारी बँका, मंगल कार्यालयं, नगरसेवक. १५ टक्के, पण चेक वटल्यावर. नगरसेवकांचा चेक पुढच्या दिवाळीपर्यंत वटायचा नाही. एका सराफाने मात्र मला बसवून शिकवलं, "पोरा, आधी अंक किती विकला जातो ते सांग, मग पानाचा रंग." भीड चेपली ती तिथे. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी तेच सांगितलं आणि घेतलं त्यांनी.

अनु२

दिवाळी अंक १९०९पासून निघतायत, ‘मनोरंजन’चा पहिला. तेव्हापासून जाहिराती आधी आणि कविता उरलेल्या जागेत.

टेक्सासतात्या

इथे अंक पोचेपर्यंत संक्रांत येते. पण जाहिरातीसकट वाचतो, मंगल कार्यालयाचे फोन नंबरसुद्धा.

नीलाक्षी

सगळे प्रश्न भाच्याला पाठवले. त्याने फोन केला. लीड स्वतः शोधायच्या. कमिशन फिटिंगनंतर, परत आलं तर कापणार. डिपॉझिट तीन महिन्यांनी ‘बहुतेक’ परत. वर्षभर टिकलेला माणूस भेटवा म्हटल्यावर "आधी जॉइन तर व्हा". दोन मित्रांचं विचारलेलं आहेच, दोन आणले तर किट फुकट.

तो नाराज झालाय. महिन्याला पन्नास नग, पंचेचाळीस हजार, असा हिशोब मनात पक्का होता बिचाऱ्याचा. मी फार बोलले नाही. पण बोलायला आवडतं त्याला, ते वाया जाऊ नये असंही वाटतं.

बोका

रामराम. आता दोनदा.

निवृत्त_टार्गेट

‘बहुतेक’ला दाद दिली पाहिजे.

खडकवासला एक्सप्रेस

नीलाक्षी, आमच्या मंडळाचा अंक निघतोय यंदा. जाहिरातींना माणूस हवाय. कोथरूड-वारजे पट्टा, संध्याकाळचं काम. भाच्याला सांगू का?

नीलाक्षी

सांगा की! व्यनि (खासगी निरोप) करते. कमिशन?

खडकवासला एक्सप्रेस

१५ टक्के, चेक वटल्यावर.

नीलाक्षी

आणि फिक्स?

खडकवासला एक्सप्रेस

रोज चहा. नगरसेवक मी स्वतः बघतो.