डीएमडी असलेल्या मुलाशी आजाराबद्दल किती बोलायचं?

इंदिरानगरची आई:
मुलगा 10 वर्षांचा, डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (डीएमडी), म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार. फिजिओ, स्टिरॉइड, हार्टचं इको सगळं वेळेवर चालू आहे पण हल्ली तो खाली खेळायलाच जात नाही. गणपतीत सोसायटीतली पोरं बोलवायला आली तर पाय दुखतोय म्हणाला आणि रात्री मला विचारतो, आई मी मोठा झालो की पळता येईल ना? मी विषय बदलला, तेव्हापासून मलाच झोप नाही. त्यात सासूबाई म्हणतात हे तुझ्या माहेरचं. तुम्ही मुलांना काय सांगता?

नाशिकरोडची ताई:
माझा 17 चा आहे गं. मीही असाच विषय बदलायचे, मग त्याने एकट्याने मोबाईलवर सगळं वाचलं आणि चार दिवस कोणाशी बोलला नाही. त्यापेक्षा तूच सांग, तो विचारेल तेवढंच, पण खोटं नको. व्हीलचेअर घरी आली तेव्हा मी रडले आणि तो खूश, कारण पडायची भीती गेली, परत गंगेवर, गोदाकाठी, भेळ खायला यायला लागला. आणि माहेरचं म्हणशील तर जीनमधला हा बदल आईकडून येऊ शकतो, पण साधारण तीनातल्या एका मुलात तो बदल नव्यानेच झालेला असतो, आई कॅरिअर, म्हणजे तो बदललेला जीन बाळगणारी, नसतेच. असली तरी त्यात तिचा काय दोष? जेनेटिक कौन्सेलरकडे सासूबाईंनाही ने, आमच्याकडे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावरच घर शांत झालं.

बेकरवाला, सातपूर:
मी स्वतः पेशंट आहे, याच जीनचा सौम्य प्रकार, बेकर मस्क्युलर डिस्ट्रॉफी. लहानपणी पायापेक्षा पाहुण्यांचं "बिचारा" जास्त लागायचं. आणि स्टिरॉइडनेही मूड बिघडतो हां, ते डॉक्टरांना सांगा, पण गोळी अचानक बंद करू नका. रात्री फारच जड वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही लावा.

इंदिरानगरची आई:
काल बोलले. म्हणतो मला माहितीये, वर्गातल्या एकाने सांगितलं. मी आवंढा गिळतेय आणि हा विचारतो, आई वर्ग खाली घेता येईल का, जिन्यात सगळे माझ्यामागे थांबतात. एवढंच सलत होतं त्याला.

नाशिकरोडची ताई:
सोमवारीच लेखी अर्ज दे, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांग ओळखपत्राची) झेरॉक्स लाव. 2016 च्या दिव्यांग कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, शाळेला सोय करून द्यावी लागते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नको.