प्रोटीन २२ टक्के धरूनही पिल्लं वाढत नाहीत, काय चुकतंय?

प्रश्न: ब्रॉयलर कोंबड्यांचं फीड मी स्वतःच मिक्स करतो. या बॅचला सोयापेंड अर्धी कमी केली आणि त्याजागी शेंगदाणा पेंड घातली, प्रोटीन हिशोबाने २२ टक्के बसवलं म्हणजे कागदावर सगळं बरोबर. पण आज १४ वा दिवस आणि पिल्लं बघवत नाहीत, काही बरी तर काही मुठीएवढीच, पंखाची पिसं विस्कटलेली, एकमेकांची पिसं ओढतायत, वर लिटर (खाली अंथरलेला भुसा) ओलं. पाणी, ब्रूडिंग (पिल्लांना दिलेली ऊब) तपासून झालं. प्रोटीन २४ करू का?

उत्तर १: २४ अजिबात नको, लिटरचा चिखल होईल. टक्का बघून पिल्लू वाढत नाही हो, प्रोटीन ज्या अमिनो अ‍ॅसिडपासून बनतं त्यातली लायसिन आणि मेथिओनिन किती ते बघा. सोयापेंडीत लायसिन २.८ टक्क्यांच्या आसपास, शेंगदाणा पेंडीत जेमतेम दीड, आणि मेथिओनिन तर साध्या मका-सोयाच्या फीडमध्येही सगळ्यात आधी कमी पडतं. एक कमी पडलं की बाकीची कितीही असू देत, मांस तेवढंच बनणार. उरलेली अमिनो अ‍ॅसिड तुटून युरिक अ‍ॅसिड होऊन बाहेर पडतात, त्यासाठी पिल्लू पाणी जास्त पितं, तुमचं लिटर बहुतेक त्यानेच भिजतंय. पिसांचंही तेच, पिसात सिस्टीन हे अमिनो अ‍ॅसिड भरपूर लागतं आणि शरीर ते मेथिओनिनपासून बनवतं.

उत्तर २: त्याआधी पेंड बघा. बुरशीचं विष, म्हणजे अफलाटॉक्सिन, असेल तर वाढ अशीच खुंटते, मग अमिनोचं गणित जुळवून काय उपयोग.

प्रश्नकर्ता: पेंड कोरडी आहे, वासही नाही. मग लायसिन, मेथिओनिन दोन्ही जरा सढळ हाताने टाकतो.

उत्तर १: सढळ हात नको!! मेथिओनिन जास्त झालं तर पिल्लं खाणंच कमी करतात. पचणारं लायसिन १०० धरा, मग मेथिओनिन आणि सिस्टीन मिळून ७५ च्या आसपास, थ्रिओनिन (हेही अमिनो अ‍ॅसिडच) ६५ ते ६७. लायसिन जास्त झालं तर आर्जिनिन या अमिनो अ‍ॅसिडशी भांडतं, पण शेंगदाण्यात आर्जिनिन मुबलक असल्याने तुमची अडचण उलटी आहे, लायसिनच कमी पडतंय. लायसिन एचसीएल पावडरीत खरं लायसिन ७८ टक्केच असतं, वजन त्या हिशोबाने घ्या आणि आधी थोड्या मक्याच्या भरड्यात कालवून मगच मिक्सरमध्ये टाका, नाहीतर एका पिल्लाला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही.

उत्तर २: आणि वास नाही म्हणजे अफलाटॉक्सिन नाही असं नसतं, सॅम्पल लॅबला द्याच.