दम्याचं इंजेक्शन ठरवायला रक्ताचा रिपोर्ट पुरतो का?

मृण्मयी:
इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमुळे बळावणाऱ्या तीव्र दम्यावर बेनरालिझुमॅब हे इंजेक्शन देतात. आयएल-५ हा या पेशी वाढवणारा रेणू; तो पेशीवर जिथे बसतो त्या रिसेप्टरला ते चिकटतं आणि आपल्याच एनके (प्रतिकारशक्तीच्या मारक) पेशींकरवी त्यांना मारवतं. पण रुग्ण निवडतात रक्तातले इओसिनोफिल मोजून! अ‍ॅलर्जीकारक पदार्थ दिल्यावर श्वासनलिकेत उतरलेल्या इओसिनोफिलवर हा रिसेप्टर फार कमी उरतो, हे २००२ मध्येच दिसलं होतं. त्रास देतात त्या पेशी राहिल्या बाजूला. निदान थुंकीतल्या पेशी तरी बघा.

सचिन:
अजिबात पटलं नाही. इओसिनोफिल तयार होतात अस्थिमज्जेत, आणि तिथल्या कोवळ्या पेशींवर हा रिसेप्टर असतो. तिथेच खुडल्यावर श्वासनलिकेत नव्या येणार कुठून? शिवाय थुंकी काढायची म्हणजे खारट पाण्याची वाफ द्यायची, नमुना ताजा असतानाच पेशी मोजायच्या. तालुक्याच्या गावी कोण करणार हे? सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, कुठेही होते.

मृण्मयी:
मज्जेचं खरं आहे, पण रक्त फसवतं. मेपोलिझुमॅब हे दुसरं इंजेक्शन रिसेप्टरऐवजी आयएल-५लाच पकडतं. २००३ च्या अभ्यासात त्याने रक्तातले इओसिनोफिल जवळजवळ संपले, श्वासनलिकेच्या अस्तरातले मात्र निम्म्याच्या आसपास उरले. २००७ च्या चाचणीत रुग्ण इओसिनोफिल पाहून निवडले नव्हते, फायदा दिसला नाही. २००९ मध्ये थुंकी पाहून निवडले आणि अटॅक कमी झाले.

सचिन:
मग मेपोलिझुमॅबचीच २०१२ ची ड्रीम चाचणी का सोडलीत? औषध कुणाला लागू पडेल याचा अंदाज रक्तावरून आला, थुंकीवरून नाही.

मृण्मयी:
कारण थुंकी तपासली होती थोड्याच जणांची. त्यावरून तपासणी निकामी ठरवू नका.

डॉ. वैदर्भीय:
दोघांनाही सांगते, आमच्याकडे प्रश्न वेगळाच आहे. पूर्व विदर्भात हत्तीरोग आहे. त्याच्या जंतांमुळेही इओसिनोफिल भरमसाट वाढतात, रात्री खोकला येतो, छाती वाजते, हुबेहूब दमा. तो डीईसी या हत्तीरोगावरच्या गोळ्यांनी बरा होतो, त्याला हे इंजेक्शन कशाला? उलट स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्या खऱ्या दमेकऱ्याचा आकडा दबलेला असतो आणि तो गरज असून मागे राहतो. म्हणून मी एका सीबीसीवर ठरवत नाही. आधी जंत तपासते, जुने रिपोर्ट मागते आणि पंप कसा ओढतात ते समोर बसवून बघते. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो बंद ठेवणारे कितीतरी निघतात, सचिनभाऊ. त्यांना आधी पंपच द्यायला हवा.

सचिन:
जंतांचं आणि स्टेरॉइडचं मान्य, मॅडम. पण तुम्ही सांगता ते सगळं सीबीसीच्या आधारानेच होतं ना? थुंकी अजूनही लागली नाही.